चमेलीच्या तेलाचा शुक्रवार

निरोप आला तेव्हा माझ्या तोंडात घास होता. महिना होत आला त्याला. दुपारी बाराच्या सुमाराला मी जेवायला बसलो होतो. कुंदानं, माझ्या बायकोनं, भरली वांगी केली होती, आणि मी दुसरी भाकरी अर्धी संपवतो न संपवतो तोच आमच्या हुडकेश्वरच्या घरासमोर एक स्कूटर फटफटत येऊन थांबली. पौलस उंबरकरांच्या चर्चमधले एक गृहस्थ होते. दारातच उभे राहून म्हणाले, "रामटेकेसाहेब, पौलसभाऊ सकाळी गेले. चहा मागितला, अन् वहिनी चहा घेऊन येईपर्यंत..." मी तसाच उठलो. हात धुतला की नाही तेही आठवत नाही. संध्याकाळी दफनभूमीतून परत आलो, कुंदानं ताट पुढे ठेवलं, तेव्हा लक्षात आलं की दुपारच्या त्या दीड भाकरीनंतर पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही. पंचवीस वर्षं हा माणूस मला सांगत आला होता, "रामटेके, एक दिवस उपाशी राहून पाह्य गा, मरत नाही कोणी." आणि पंचवीस वर्षं मी त्याला हसत आलो होतो. शेवटी स्वतः जाऊन त्यानं मला उपास घडवला, तोही दीड भाकरीनं बाटलेला! हे त्यांना सांगायला मिळालं असतं तर ते पोट धरून हसले असते... आणि त्यांचं पोट धरायला त्यांना दोन्ही हात लागायचे.

आम्ही दोघं सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होतो. आता ते काम राहिलं नाही, म्हणून सांगतो. मूळ नकाशावर मेणकापडासारखं पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघन् रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची. मान वाकडी करून, श्वास धरून. मी एकसष्ट साली लागलो. पौलसभाऊ माझ्याआधी तीन वर्षं लागलेले. घराणं दोन पिढ्यांचं ख्रिस्ती, वडील मिशनच्या दवाखान्यात माळी. आमचं घर बौद्ध. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली आणि उपासतापास, नवससायास एका दिवसात उंबऱ्याबाहेर गेले. त्यामुळे उपास म्हटलं की मला हसू यायचं. देवाला काय पडलंय तुम्ही जेवलात की नाही याचं, असं मी सगळ्यांना ऐकवायचो, आणि स्वतःला मोठा विचारवंत समजायचो.

पौलसभाऊंचं नाव आमच्या शिपायाला, गोविंदाला, कधी नीट म्हणता आलं नाही. तो त्यांना 'पुलिसभाऊ' म्हणायचा. खेड्यातून सातबाऱ्याच्या, धुऱ्याच्या म्हणजे शेताच्या बांधाच्या तंट्याचा नकाशा मागायला आलेल्या माणसाला गोविंदा सांगायचा, "जा, आतमंधी पुलिसभाऊ बसले हायेत, त्याईले विचार." माणूस दारातूनच परत फिरायचा. मग पौलसभाऊ स्वतः उठून, धापा टाकत, त्याला फाटकापर्यंत जाऊन परत आणायचे. सहा फूट उंची, त्याला साजेसा घेर, आणि शाईचा टाक धरला की मात्र बोटं पाखरासारखी हलकी.

हा माणूस खाण्याचा नुसता शौकीन नव्हता, जाणकार होता. त्यांचा डबा चार खणांचा. वडाभात असला की वड्यावर घालायला गरम तेलाची फोडणी वेगळ्या कुपीत यायची. डब्याच्या सुट्टीत ते हेडक्लार्क बडे बाबूंपासून गोविंदापर्यंत सगळ्यांच्या बंद डब्यांवरून नुसती नजर फिरवायचे, नाकपुड्या जरा हलवायचे, आणि सांगायचे, "बडे बाबूंकडे आज सांबारवडी. रामटेके, तुह्याकडे जवसाची चटनी. गोविंदा, तुले बायकोनं काल रात्रीचंच देल्लं." एकदाही चूक नाही. पाटवडीचा रस्सा खाताना त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे आणि चेहऱ्यावर असं समाधान यायचं, की आपल्या डब्यातली भाजी उगाच फिकी वाटायची.

तर असा हा माणूस पासष्टच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी डब्याशिवाय आला. दाढी गुळगुळीत, बुशशर्टला कडक इस्त्री, आणि डोक्याला चमेलीचं तेल. थोडंथोडकं नव्हे. कानामागून ओघळ येत होते. आमच्या शाखेत शाईचा आणि जुन्या कापडाचा वास असायचा, तो त्या दिवशी पार मेला. डब्याची सुट्टी झाली तसे ते उठले आणि काही न बोलता मागच्या दारानं निघून गेले. पाऊण तासानं आले ते चेहरा शांत, डोळे जरा लाल. मी विचारलं, "पौलसभाऊ, जेवण?" तर म्हणाले, "तिकडेच सोय आहे." पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. शनिवारी मात्र डबा चार खणांचा, तेल बेतात, गप्पा नेहमीसारख्या. फक्त माझ्याशी बोलताना ते मधेच थांबायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, की जणू माझ्या तोंडाला काही लागलंय.

इथे माझा गुन्हा सांगायला हवा. गोविंदानं मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "साहेब, पुलिसभाऊ शुक्रवारी नटूनथटून कोणाले भेटाले जाते?" मी शाईची बाटली घेऊन घाईत होतो. सहज म्हणालो, "असेल एखादी, चमेलीच्या वासाची." बस, एवढंच. गोविंदानं ते बडे बाबूंना सांगितलं, बडे बाबूंनी घरी, आणि बडे बाबूंच्या बायकोला पुढच्याच आठवड्यात सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात रूथवहिनी भेटल्या. रूथवहिनी म्हणजे पौलसभाऊंची बायको. शाळेत शिक्षिका. त्या वर्गात आणि चर्चमध्ये अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण संतापल्या की अस्सल नागपुरी. त्या रविवारी उपासना आटोपून त्या थेट आमच्या घरी आल्या, पांढऱ्या साडीत, हातात छत्री, आणि पहिलंच वाक्य नागपुरीत आलं.

"भाऊजी, खरं सांगा. कोन आहे ते?"

कुंदा पाणी घेऊन आली ती पेला हातात धरून तिथेच थांबली, ऐकायला. वहिनींनी पुरावे मांडले. शुक्रवारी डबा नको म्हणतात. का, तर तिकडेच सोय होते. सणासुदीला लागणार नाही एवढं तेल डोक्याला. आरशासमोर शिट्टी. "अन् सगळ्यात मोठी गोष्ट सांगू काय? संध्याकाळी घरी येते अन् उभ्या उभ्या दहा पोळ्या खाते. बाई असली तं असो भाऊजी, माह्या नशिबात असन ते... पण ते बाई याले उपाशी काहून ठेवते? माह्या हातचं खाऊन वाढवलेला मानूस आहे!" एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. मला हसावं की पाय धरावेत कळेना. माझा जिन्यातला विनोद इतका लांब चालत गेला होता, आणि तो माझाच आहे हे सांगण्याची हिंमत मला झाली नाही. मी भेकडासारखा म्हणालो, "वहिनी, येत्या शुक्रवारी तुम्हीच या. आपण दोघं बघू, कुठे जातात ते."

त्या शुक्रवारी वहिनींनी शाळेतून अर्धी रजा घेतली. डब्याच्या सुट्टीत पौलसभाऊ मागच्या दारानं निघाले. आम्ही दोघं कडुनिंबाच्या आडून त्यांच्या मागे. मला वाटलं फाटकातून रस्त्यावर पडतील, पण ते आवारातच वळले. मागे जुन्या नकाशांची एक लांबट खोली होती, वाळवीनं खाल्लेली, वर्षात एकदा उघडायची. तिच्यात ते शिरले आणि दार ओढून घेतलं. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आत दहा जणी बसल्या आहेत. आम्ही दाराला कान लावला. आत फक्त त्यांचाच आवाज होता, दबका, पण खोली पोकळ असल्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"प्रभो, आज सहावा शुक्रवार आहे. ते हेड ट्रेसरची जागा रामटेकेलेच भेटनार, हे तुले बी माहीत आहे अन् मले बी. त्याचा हात माह्यापेक्षा साफ चालते. परीक्षा बी पास आहे तो, मी दोनदा राहिलो. भेटू दे त्याले. माहं काही म्हननं नाही... म्हनजे आहे, पन तू ते ऐकू नोको. पन प्रभो, त्याले भेटल्यावर मले आनंद झाला पाह्यजे. खराखुरा. वरवरचा नोको, वरवरचा मी करून दाखवीन, त्यात मी हुशार आहो. पोटात जळून राहिलं बापा. उपासानं जळते म्हनावं, तं रविवारी जेवल्यावरबी जळते. हे जळनं काढून घे. माहा दोस्त आहे तो. चांगला पोट्टा आहे. तोंडानं जरा वाह्यात आहे, पन चांगला आहे..."

मी वहिनींकडे बघू शकलो नाही. कडुनिंबाखाली त्या वेळी एक खार चिरकत होती, तेवढंच मला आठवतं. हेड ट्रेसरची एकच जागा निघाली होती आणि तिच्यावर आमचा दोघांचाही हक्क होता, हे मला ठाऊक होतं. पण त्याविषयी पौलसभाऊंनी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि मी, खरं सांगायचं तर, त्यांच्या मनाचा विचारच केला नव्हता. ज्येष्ठता त्यांची, जागा माझी, असा हिशेब मी मनात कधीच मांडून टाकला होता आणि निवांत झोपत होतो.

वहिनींनी दार ढकललं. "अवो!"

पौलसभाऊ नकाशे ठेवायच्या दोन लाकडी घोड्यांच्या मधे गुडघे टेकून बसले होते. दचकून उठायला गेले, डोकं वरच्या फळीला आपटलं, आणि फळीवरच्या गुंडाळ्या धडाधड त्यांच्या अंगावर आल्या. एका अख्ख्या तालुक्याचा नकाशा उलगडून त्यांच्यावर पसरला. नकाशाखालून आवाज आला, "कोन आहे?"

"तुमची बाई आहे! दुसरी कोन असन?" वहिनी कडाडल्या. "काहून जी, सहा शुक्रवार उपाशी राह्यले, देवाले सांगतलं, अन् मले नाही?"

"गुप्त ठेवाचं असते वं," नकाशाखालून उत्तर आलं. "प्रभूनं सांगतलं आहे ना. उपास करसान तं तोंड पाडून हिंडू नका, डोक्याले तेल लावा, तोंड धुवा, कोनाले समजलं नाही पाह्यजे."

"नाही समजलं! कोनालेच नाही समजलं! साऱ्या हाफिसात तुम्ही बाई ठेवली म्हनून राह्यले!"

नकाशा हलला, आणि त्याखालून तेलानं चमकणारं, धुळीनं माखलेलं डोकं बाहेर आलं. त्यांनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रामटेके, तू केव्हापासून आहे इथं?" मी म्हणालो, "सहाव्या शुक्रवारपासून." आणि मग एका दमात सांगून टाकलं, की ती बाईची गोष्ट मीच उठवली, सहज, जिन्यात, गंमत म्हणून. वहिनींनी छत्री उगारली. पण पौलसभाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवायला लागलं होतं. "माह्यासारख्याले... बाई?" ते म्हणाले. "अन् लोकाईनं इश्वास ठेवला? तू बी ठेवला वं?" वहिनी म्हणाल्या, "ठेवला." मी शपथेवर सांगतो, तो माणूस त्या क्षणी मनातून खूश झाला होता. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना उठता येईना, कारण दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. वहिनींनी एक हात धरला, मी एक, आणि दोन प्रयत्नांत आम्ही त्यांना उभं केलं. माझ्या खांद्यावर त्यांच्या तेलाचा डाग पडला. तो पुढे निघाला नाही.

जागेचा हुकूम फेब्रुवारीत आला, माझ्या नावानं. योगायोग असा की तो दिवसही शुक्रवारच होता. मी हातात कागद घेऊन जागेवर बसून राहिलो, मान वर करण्याची हिंमत होईना. अर्ध्या तासानं चमेलीचा वास जवळ आला. पौलसभाऊ सीताबर्डीला जाऊन सायकलवरून संत्राबर्फी घेऊन आले होते. शाखेत प्रत्येकाच्या हातावर त्यांनी स्वतः वडी ठेवली, माझ्या तोंडात कोंबली, आणि स्वतःची वडी कागदात गुंडाळून खिशात टाकली, दिवस मावळल्यावर खायला. संध्याकाळी आम्ही सायकली हातात धरून चालत निघालो. मी धीर करून विचारलं, "पौलसभाऊ, झाला का आनंद?" ते वळणापर्यंत सायकल ढकलत राहिले. कुठलं तरी उत्तर पोटात तपासून पाहत असावेत. मग म्हणाले, "बारा आने झाला." आणि जरा पुढे जाऊन, "बाकीचे चार आने येतीन गा. दोन-तीन शुक्रवार अजून लागतीन." इतकं खरं उत्तर मला त्यानंतर आयुष्यात कोणी दिलं नाही. मार्चच्या शेवटी एका सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर थाप मारली आणि नुसतं म्हणाले, "रामटेके, रुपया पुरा झाला." मग ते माझ्या हाताखाली सोळा वर्षं काम करत होते, आणि त्या सोळा वर्षांत एकदाही मला साहेब असल्यासारखं वाटू दिलं नाही... एकदाही तसं होऊ दिलं नाही, असंही म्हणता येईल.

शुक्रवार मात्र सुटला नाही. ते म्हणायचे, एका कामासाठी धरला होता, पण सवय चांगली लागली. आता गुप्त काही राहिलं नव्हतं. बडे बाबूंना आपल्या बायकोच्या तोंडाबद्दल वाईट वाटलं असावं. त्यांनी पुढच्या शुक्रवारी खास पौलसभाऊंसाठी साबुदाण्याची उसळ आणली. पौलसभाऊ हात जोडून म्हणाले, "आमच्यात साबुदाना नाही चालत." बडे बाबूंनी विचारलं, "मग शेंगदाणे? बटाटा? राजगिरा?" पौलसभाऊ प्रत्येकाला मान हलवत गेले. "अहो मग चालतं काय?" "पानी." बडे बाबू खुर्चीत बसले आणि म्हणाले, "फार कडक धर्म आहे बाप्पा तुमचा. आमच्या उपासाला आम्ही एरवीपेक्षा जास्त जेवतो." ती उसळ मग मी खाल्ली.

गोविंदाचं प्रकरण याहून अवघड झालं. त्याची म्हैस गाभण होती आणि चारा खात नव्हती. तो पौलसभाऊंपाशी येऊन म्हणाला, "पुलिसभाऊ, माह्या म्हशीसाठी एक शुक्रवार टाका ना." पौलसभाऊंनी त्याला समजावलं, की उपास म्हणजे देवाच्या दारात धरणं नव्हे. पण गोविंदाचा चेहरा बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी म्हशीसाठी एक शुक्रवार टाकला. म्हैस व्याली. रेडी झाली, आणि दोघी ठणठणीत. पुढच्या आठवड्यात आमच्या शाखेबाहेर सात माणसं उभी होती. कुणाचं बदलीचं काम, कुणाच्या पोरीचं लग्न, एकाला तर शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आटवून हवं होतं. पौलसभाऊ हतबल होऊन माझ्याकडे आले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा सरळ विचारलं, टर न उडवता, की तुम्ही उपास करता म्हणजे नेमकं काय होतं? ते शाई वाळवत म्हणाले, "हे पाह्य. पोट भरलेल्या मानसाले वाटते, आपलंच खरं. दुपारचे दोन वाजले, पोटात काही नाही, की समजते, आपन एका भाकरीचे गुलाम आहो. मंग देवापुढं बसलं की अक्कल ठिकान्यावर राह्यते. उपासानं देव नाही हालत गा. मी हालतो. इतका मोठा आहो ना, मले हालवाले दिवसभर लागते." बाहेरच्या सात जणांनाही त्यांनी हेच सांगितलं. पाच जण निघून गेले. दोघं बसून राहिले, तर त्यांच्यासोबत त्यांनी तिथेच डोळे मिटून चार शब्द प्रार्थना केली. विहीरवाला जाणाऱ्यांत होता.

त्यांचा उपास मोडलेला मी एकदाच पाहिला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या आईच्या पोटाचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. पौलसभाऊंनी मला न विचारता लागोपाठ तीन दिवसांचा उपास धरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दवाखान्यात आले. आई ऑपरेशननंतर नुकती बोलायला लागली होती. तिनं डोळे उघडले, यांच्या तेलकट डोक्याकडे आणि सुकलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "हा पोट्टा उपाशी हाय." मी म्हणालो, "आई, त्यांचं ते व्रत आहे, तुझ्यासाठीच..." पुढे ती काही ऐकायलाच तयार नव्हती. "छप्पनसाली दीक्षा घेतली, त्या दिवशी म्या सारे उपास सोडले. माह्यापायी कोनी उपाशी नोको राहू. बस इथं." पौलसभाऊ, पन्नाशीकडे झुकलेला पोट्टा, स्टुलावर बसले. आईनं उशाजवळचं केळं घेतलं, सुई टोचलेल्या हातानं ते सोलायला तिला पाच मिनिटं लागली, पण मला हात लावू दिला नाही. पौलसभाऊंनी एकदा छताकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि केळं खाल्लं. आई म्हणाली, "आनखी." त्यांनी तीन केळी खाल्ली. मग तिनं समाधानानं डोळे मिटले आणि पहिल्यांदा शांत झोपली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुमचा उपास मोडला हो." त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मोडला कुठं? पावला." आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. मी श्रेय डॉक्टरांना द्यायचो, पौलसभाऊ म्हणायचे डॉक्टरांसाठीही वेगळी प्रार्थना केली होती, आणि आई मरेपर्यंत सांगत राहिली की तो मोठा पोट्टा तिच्या केळ्यांमुळे वाचला. पुढे आईच्या धाकानं पौलसभाऊ शुक्रवारी आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा न्यायचे नाहीत.

निवृत्तीच्या आधी दोन वर्षं त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, उपास एकदम बंद, दर तीन तासांनी थोडं थोडं खायचं, गोड नाही, भात नाही, तर्री तर नाहीच. सकाळ-संध्याकाळ दलिया. मी भेटायला गेलो तेव्हा ते पराभूत पैलवानासारखे बसले होते. म्हणाले, "रामटेके, देवानं माहा शुक्रवारच काढून घेतला गा." इतकं खचलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, जागा माझ्या नावानं गेली तेव्हाही नाही. मी काहीतरी विनोद करायला गेलो, तो जमला नाही. पण महिन्याभरानं परत गेलो तर गडी पुन्हा हसरा. शुक्रवारच होता, डोक्याला तेल होतं. समोर पांढराफट दलिया, आणि त्यांच्या नाकापर्यंत शेजारच्या घरातून पाटवडीच्या रस्स्याचा दरवळ येत होता. "पानी पिऊन राहाचं तं सोपं होतं," ते चमचा वर धरून म्हणाले. "त्यात मी वस्ताद झालो होतो, जरासा गर्वबी आला होता. आता हे घड्याळ लावून बेचव खाचं, कुरकुर न करता, हा उपास खरा. पाह्य, देवानं मले वरच्या वर्गात घातलं." त्यांनी घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्यातल्या त्यात भक्तिभावानं गिळला. वहिनी म्हणाल्या, कुरकुर करत नाहीत हे खरं, पण पाहुण्यांसाठी काही केलं की ओट्यावरच्या गंजांची, पातेल्यांची झाकणं उघडून बघतात. खात नाहीत. नुसते बघतात, वास घेतात, आणि झाकण उघडंच ठेवून जातात.

मागच्या आठवड्यात कुंदा आणि मी रूथवहिनींना भेटायला गेलो. त्यांनी आम्हाला जेवूनच जा म्हणून बसवून घेतलं. त्या कुंदाशी बाहेरच्या खोलीत बोलत होत्या, बऱ्याच दिवसांनी पुस्तकी मराठीत आणि सावकाश. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर तीन गंज झाकून ठेवलेले होते. का कोण जाणे, मी मोठ्या गंजाचं झाकण उचललं. पाटवडीचा रस्सा होता, लाल, वर तेलाचा तवंग. हातातून निसटून झाकण ओट्यावर खणकलं, आणि बाहेरून वहिनींचा आवाज आला, धारदार, एका क्षणाचाही विचार न करता आलेला:

"अवो, ठेवा ते झाकन! तुमचा दलिया बाजूच्या गंजात आहे."

बाहेर कुंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी झाकण हातात धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं ते जागेवर ठेवलं आणि बाजूच्या गंजावरचं झाकण काढलं. आत खरंच दलिया होता. ताजा, वाफाळलेला, एका माणसापुरता नव्हे, त्यांच्यापुरता.

मी ताटली घेतली, भरपूर वाढून घेतला, आणि बाहेर येऊन दोघींच्या समोर बसलो. चमच्यानं एक एक घास खाऊ लागलो. मीठ नाही, मसाला नाही, काही नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. ताटली पुसून रिकामी झाली तेव्हा त्यांनी पदरानं चेहरा कोरडा केला आणि म्हणाल्या,

"आनखी घ्या भाऊजी. खूप उरला आहे."